इनायतभाऊंनी कापलेलं पान

घरापुढच्या हिरवळीची मला किळस येते. मध्यंतरी डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी अनवाणी गवतावर चालत जा, डोळ्यांना बरं. मी डॉक्टर बदलला. लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलं असेल. पण ते कशाने फिरलं हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याने, भैयाजींनी, एकदा घरापुढे हिरवळ लावली आणि ती कापायला जुनी मशीन घेतली, त्याने फिरलं. त्या मशीनच्या निवडीत एका माणसाचं जे झालं ते मला सांगायचं आहे. इनायतभाऊ त्याचं नाव. कैच्यांना धार लावायचे. इनायतभाऊ गेले, भैयाजीही गेले, आता मी कुणाला भिऊ? तेव्हा भ्यायले होते, म्हणून तर हे सगळं झालं.

वडशाच्या स्टेशनापासून सहा कोसांवर आमचं गाव. चारी बाजूंनी जंगल, आणि जंगलात तेंदूची झाडं. उन्हाळ्यात पानं तोडायची, वाळवायची, पोत्यांत भरायची, आणि वर्षभर गावातल्या बाया त्यांच्या बिड्या वळायच्या. कारखाना म्हणायचं, पण ती एक लांब कौलारू शेड होती. साठ बाया ओळीने बसायच्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कैची. मीही त्यातलीच. नऊ वर्षांची असताना आईशेजारी जाऊन बसले. तंबाखूच्या वासाने पहिले आठ दिवस ओकत होते. नंतर त्या वासाशिवाय भूक लागेनाशी झाली.

बिडीवालीचं सगळं तिच्या कैचीवर असतं. पान ओलं करून, फडक्यात गुंडाळून, मऊ झालं की पत्र्याचा साचा ठेवून कापायचं. कैची बोथट असली की पान दातरतं, दातरलेल्या पानाची बिडी उलते, आणि मुनीम ती छाटीत टाकतो, तिचे पैसे मिळत नाहीत. म्हणून दर गुरुवारी इनायतभाऊ शेडच्या दाराशी पायाने फिरवायचं चाक घेऊन बसायचे.

त्यांची एक पद्धत होती. कैचीला धार लावली की ते ओल्या गोणपाटातून एक तेंदूपान काढायचे, त्याच कैचीने कापायचे आणि कैचीबरोबर ते पान बाईच्या तळहातावर ठेवायचे. बोलायचं काही नाही. पानाची कड साफ, म्हणजे काम झालं. आणि कापताना शेवटाला त्यांचं मनगट जरा वळायचं, त्यामुळे सरळ कापत गेलेली कड टोकाशी कोयरीसारखी वळलेली असायची. शेकडो पानांतून इनायतभाऊंचं पान आम्ही एका नजरेत ओळखत असू. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते वळण जमायचं नाही. आम्ही मुली खेळ म्हणून करून बघायचो, पान फाटायचं.

देवमाणूस वगैरे अजिबात नव्हते ते. तोंडात सदा तपकीर, आणि चाक ओलं करायला पाणी नसलं की खुशाल त्यावर थुंकायचे. पत्त्यांत लबाडी करायचे. बकरी विकताना तिचं वय चोरायचे. त्यांची बायको, खुर्शीदाभाबी, सांगायची की लग्नाच्या वेळी यांनी स्वतःचंही वय चोरलं होतं. पण पात्याच्या बाबतीत खोटं नाही. एका साली कारखान्याच्या जुन्या मालकाने कुठूनशा स्वस्त कैच्या आणून आम्हा साऱ्यांना वाटल्या. इनायतभाऊंनी सगळ्यांना धार लावली आणि पान एकीलाही दिलं नाही. "धार लावली हाय, पन राहनार नाई. लोखंड नाई हे, टिनाचा डब्बा हाय." मालक ओरडला. इनायतभाऊ दाताला तपकीर लावत बसले. पान मिळालं नाही म्हणून साठ बायांनी कैच्या जमिनीवर ठेवल्या, आणि तिसऱ्या दिवशी जुन्या कैच्या परत आल्या. त्या माणसाच्या पानाला एवढं वजन होतं.

माझी पहिली कैची आईची जुनी, झिजलेली. ती हातात घेऊन मी रडत रांगेत उभी होते. इनायतभाऊंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "इंदे, रडतं काऊन? म्हातारी झाली कैची, पन असली हाय." मग धार लावून पान माझ्या हातावर ठेवलं. मोठ्या बायांना द्यायचे तसंच, वळणाचं. मला आजही तो तळहात आठवतो.

भैयाजी त्या शेडमध्ये मुनीम होते. बिड्यांच्या जुड्या मोजायचे आणि छाट काढायचे. छाट काढण्यात त्यांचा हात फार सैल. चांगल्या बिड्याही उचलून बाजूला टाकायचे आणि संध्याकाळी त्याच विकायचे. माझ्या बिड्या ते कमी छाटायला लागले तेव्हा आईच्या लक्षात आलं, आणि मी सोळाची व्हायच्या आत तिने आमचं लग्न लावलं. मला तेव्हा ते नशीब वाटलं. दहा वर्षांत मुनीमाचे ठेकेदार झाले. जंगलातल्या पानांचे लिलाव घ्यायला लागले, कारखानाही विकत घेतला, पक्कं घर बांधलं, आणि मला शेडमध्ये पाय ठेवायची बंदी झाली. "आता तू बाईसाहेब हाय. बिड्या वयल्या होत्या म्हनून कोनाले सांगू नोको." मी सांगितलं नाही. बोटांना तंबाखूचा रंग होता तो राखेने घासून घासून काढला. त्यांना माझी लाज होती आणि मला त्यांचं ऐकण्याची सवय. कोणती गोष्ट जास्त ओंगळ, हे मी ठरवत बसत नाही.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. पानांचे लिलाव ज्यांच्या हातात होते ते साहेब एकदा आमच्याकडे चहाला आले. व्हरांड्यात उभं राहून पुढच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाले, "भैयाजी, इथे लॉन पाहिजे. त्याशिवाय घराला शोभा नाही." झालं. दुसऱ्या दिवशी वारलू नावाचा आमचा गडी खणायला लागला. नदीकाठची हरळी आणून लावली. तिला सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी. शेडमधल्या साठ बायांना दिवसाकाठी दोन माठ मिळायचे, आणि इथे वारलू कावडीने गवताला पाणी घालत होता. भैयाजी सकाळी त्या गवतावर उभे राहून पान खायचे आणि त्याच गवतावर पिंक टाकायचे. शोभा म्हणे.

हिरवळ वाढली तसे साहेब पुन्हा आले आणि पोटातलं बोलले. त्यांच्याकडे गवत कापायची मशीन होती, देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. आता त्यांना नवी येणार होती. जुनी भैयाजींनी घ्यावी. किंमत मी सांगत नाही, सांगताना माझंच तोंड विटतं. मशीनची ती किंमत नव्हती, येत्या उन्हाळ्याच्या पानांची होती, हे दोघांनाही माहीत होतं. पण साहेबांना अब्रूही हवी होती. दुसरा एक ठेकेदार टपून होता, वर तक्रार करायला. म्हणून साहेबांनीच युक्ती काढली. दोन मशिनी समोरासमोर ठेवाव्यात, गावातल्या चार माणसांदेखत, आणि ज्याला पात्यातलं कळतं अशा माणसाने त्यातली एक निवडावी. म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

पात्यातलं कळणारा माणूस गावात एकच होता. आणि त्याच्या शब्दावर कुणी शंका घेणार नव्हतं. इतकी वर्षं खोटं न बोलून इनायतभाऊंनी जे जमवलं होतं, तेच या दोघांना वापरायचं होतं.  

भैयाजी आत येऊन म्हणाले, "इनायतकडे तू जा. तुह्यं आयकते तो. सांग का साहेबाची मशीन पास कराची."

"आनि नाई केली तं?"

"तं गुरुवारपासून धारवाला दुसरा येईन. वडशाले एक हाय, मी बोलून ठेवलं."

मी गेले. कुणी फरफटत नेलं नाही, स्वतःच्या पायांनी गेले. भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन. खुर्शीदाभाबीने खाट टाकली, गूळ-पाणी दिलं. इनायतभाऊ अंगणात बकरीचा खूर कापत होते. मी सारं सांगितलं. म्हटलं, "भाऊ, नुसती एक मान हालवाची हाय. पात्याचं कोनाले का समजते तिथी?"

त्यांनी बकरीचा दुसरा पाय धरून तोही खूर कापला. मग म्हणाले, "मशीन पाह्यली का तू?"

"नाई."

"मी बी नाई पाह्यली. चांगली बी असन ना? गोऱ्याची हाय." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे आशेने पाहिलं. मी मान खाली घातली. "बरं," ते म्हणाले. "अन् खराब निंगाली तं? मंग पान कसं देऊ, इंदे?"

खुर्शीदाभाबी दारातून म्हणाली, "साठ कैच्यांचं काम गेलं तर चूल कशावर पेटल, ते बी सांगा तिले." ती माझ्यावरच चिडली होती आणि तिचं बरोबर होतं. मी उठले. निघताना म्हटलं, "माह्यासाठी करा, भाऊ." हे मला बोलायची गरज नव्हती. काम जायची भीती पुरेशी होती. तरी मी तेही वर टाकून आले.

निवडीच्या दिवशी हिरवळीवर वेताच्या खुर्च्या मांडल्या. साहेब आले, बरोबर त्यांचा कुत्रा. आल्याआल्या त्याने हिरवळीच्या कडेला पाय वर केला आणि भैयाजी हसले, जणू प्रसाद पडला. गावातले चार जण अंग चोरून बसले. मी व्हरांड्यात, खांबाला टेकून.

दोन्ही मशिनी वारलूने पुढे आणल्या. साहेबांची मशीन हिरव्या रंगात चमचमत होती, लाकडी दांडा, बाजूला सोनेरी अक्षरं. दुसरी निवडीत हरायला म्हणूनच आणलेली. वडशाजवळच्या एका बंद बंगल्याच्या गोठ्यात ती वर्षानुवर्षं पडून होती. गंजून लाल झालेली, वर कोंबड्यांची घाण वाळलेली. दोघींची बनावट एकच. दोन चाकांच्या मध्ये पिळाची पाती गोल फिरणार आणि खालच्या स्थिर पट्टीला घासत जाणार. मध्ये येईल ते गवत कापलं जाणार. म्हणजे कैचीच ती, एक पातं फिरणारं आणि एक जागचं.

इनायतभाऊ धुतलेला सदरा घालून आले होते. त्या सदऱ्याचंही मला वाईट वाटलं. आधी ते गंजक्या मशीनपाशी बसले, खुर्च्यांकडे पाठ करून; व्हरांडा बाजूला, मला त्यांचे हात दिसत होते. चिंधीने घाण पुसली, घासलेट टाकलं, एका लोखंडी सळीने बाजूच्या सांगाड्यावर ठोकलं. टण्ण आवाज आला. त्यांनी मान वर केली. पुन्हा ठोकलं, दुसऱ्या बाजूला. तसाच आवाज. चाक हलवून पाहिलं, ढिलाई नव्हती. खालच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग गोणपाटातून पान काढून पात्यात धरलं आणि हाताने पाती फिरवली. पान कापलं गेलं. डावीकडे एक, मध्ये एक, उजवीकडे एक, तीन पानं कापली. तिन्हींच्या कडा व्हरांड्यातूनही साफ दिसत होत्या, दोरा धरल्यासारख्या सरळ.

"अरे वा," ते स्वतःशीच बोलले. "गंज वरता हाय. आंदर तं जागं हाय पूरं." त्या क्षणी ते सारं विसरले होते, साहेब, भैयाजी, मी, चूल. तोंडभर हसत होते. भैयाजी मोठ्याने खाकरले. इनायतभाऊंचं हसू गेलं. ती तीन पानं त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली आणि दुसऱ्या मशीनकडे सरकले.

तिच्या सांगाड्यावर सळी वाजवली तर थप्प असा मेलेला आवाज. त्यांनी नखाने हिरवा रंग जरासा खरवडला. आत चीर होती, साबण भरून वर रंग फासलेला. मला ते नंतर कळलं, तेव्हा एवढंच दिसलं की त्यांचं नख थांबलं. मग पान धरून त्यांनी पाती फिरवली. पट्टी मधोमध झिजून खाली गेली होती. पान कापलं नाहीच, मध्ये दुमडलं आणि चघळून बाहेर आलं. बकरीच्या तोंडातून काढावं तसं दिसत होतं.

साहेब म्हणाले, "काय इनायत? कशी आहे आमची मशीन?"

इनायतभाऊंनी मान वळवून पाहिलं. खुर्च्यांकडे नाही, व्हरांड्याकडे. सरळ माझ्याकडे. अजून वेळ होता. मी आत निघून गेले असते, तोंड फिरवलं असतं, तरी त्यांना कळलं असतं. मी मान हलवली. वरून खाली, एकदा.

ते पुन्हा मशीनवर वाकले. त्यांची हत्यारांची पिशवी मांडीशी होती. त्यांचं कोपर जरासं हललं, शेवटाला मनगट वळलं. मी ती हालचाल नऊ वर्षांची असल्यापासून बघत आले होते. मग ते उठले आणि साहेबांच्या हातात पान दिलं.

"हे बराबर हाय. ते दुसरी गंजली, कामाची नाई."

साहेबांनी पान उन्हात धरलं. "व्वा! काय कड आहे!" पान हातोहात फिरलं. भैयाजींनी मान डोलवली. चहा आला, शेव आली, कुत्र्याला बिस्कीट मिळालं. पान फिरत फिरत खांबापर्यंत आलं आणि मी ते पाहिलं. टोकाशी कोयरीसारखं वळण. फिरत्या मशीनला असं वळण कुठून येणार? कैचीने कापलेलं पान होतं ते. सवयीने मनगट वळलं की खोटं बोलतानाही ओळखू यावं म्हणून मुद्दाम वळवलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्या अंगणात ते फक्त मला कळणार होतं, आणि मी पान पुढच्या माणसाच्या हातात दिलं.

इथे गोष्ट संपली असती तरी पुरे होतं. पण भैयाजींना हौस. निवड कशी चोख झाली याची सगळ्यांना साक्ष हवी. देवाच्या एका जुन्या तसबिरीतून देव काढून ठेवला, त्या काचेत ते पान बसवलं, आणि फ्रेम कुठे लावली? शेडमध्ये! मुनीमाच्या गादीच्या वर, साठ बायांच्या डोळ्यांसमोर. बारा वर्षं तो माणूस त्या शेडमध्ये बसला, रोज हजारो पानं त्याच्या नाकाखालून गेली, आणि पानाची कड एकदाही पाहिली नव्हती. त्याने जुड्या मोजल्या आणि छाट काढली, बस्स. त्याला वाटलं पान म्हणजे पान.

मला कळलं तशी मी बंदी मोडून शेडकडे धावले. वाटलं, बाया यायच्या आधी फ्रेम उतरवू. पोचले तेव्हा बाया बसल्या होत्या, आणि एकीचाही हात चालत नव्हता. एवढ्या बाया एकत्र आणि कैचीचा आवाज नाही, असं मी त्या टिनाच्या कैच्यांनंतर ऐकलं नव्हतं. सगळ्या वर बघत होत्या. भैयाजी गादीपाशी उभे राहून सांगत होते, साहेबाच्या मशीनने हे पान कसं कापलं, इनायतने कशी तीच पसंत केली.

रंभाबाई उठली. सगळ्यांत जुनी, माझ्या आईशेजारी बसायची ती. मला बिडी वळायला तिनेच शिकवलं. तिने भैयाजींकडे पाहिलंच नाही, मला विचारलं.

"इंदू, तू होती तिथी. हे पान त्या मशीनचं हाय?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी 'नाही' म्हटलं असतं तर भैयाजींनी काय केलं असतं? मारलं असतं, माहेरी धाडलं असतं. माहेर म्हणजे तीच शेड. 'मीच त्याले कराले लावलं' एवढं म्हटलं असतं तरी बायांनी इनायतभाऊंना पदरात घेतलं असतं. पोटासाठी वाकणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. 

"हो," मी म्हटलं. "माह्या डोयासमोर कापलं."

रंभाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, सूप मांडीवर घेतलं. कैच्या पुन्हा चालू झाल्या.

गुरुवारी इनायतभाऊ चाक घेऊन आले. काम गेलं नव्हतं, भैयाजी खूश होते. मी आमच्या मागच्या खिडकीत उभी होते, तिथून शेडचं दार दिसायचं. पहिली रंभाबाई. इनायतभाऊंनी कैचीला धार लावली, गोणपाटातून पान काढलं, कापलं आणि कैचीबरोबर पुढे केलं. रंभाबाईने कैची घेतली. पानासाठी हात पुढे केला नाही.

"राहू द्या भाऊ. मीच पाहून घेतो."

तिने स्वतःच्या कमरेचं एक पान काढलं, कैचीने कापलं, कड डोळ्यांजवळ नेऊन तपासली आणि गेली. दुसरीने तसंच केलं. तिसरीने तसंच. कुणी शिवी दिली नाही, कुणी टोमणा मारला नाही. साठ बायांनी आपापली पानं आणली होती. इनायतभाऊंनी दोन-तीनदा पान कापून पुढे केलं, मग कापायचं सोडलं. संध्याकाळी चाक उचलून निघाले तेव्हा त्यांच्या पायाशी ती दोन-तीन पानं पडली होती. वारा आला तशी ती गटाराकडे गेली.

त्यांनी एक शब्द बोलायचा होता, 'इंदूने सांगतलं.' बोलले नाहीत. भाबीने तरी बोलावं, मला वाटायचं. तीही बोलली नाही. त्या दोघांनी मला वाचवलं याचीच मला जास्त चीड यायची, आणि ती चीड मी वारलूवर, मोलकरणीवर काढायचे.

मशीनचं सांगायचं तर ती चार वेळा चालली. गवत कापायच्या ऐवजी उपटायची, टोकं पिवळी पडायची, हिरवळ खरूज झालेल्या कुत्र्यासारखी दिसायला लागली. पाचव्या वेळी सांगाडा चिरेवर मोडला आणि साबणाचा गोळा बाहेर पडला. भैयाजींना लिलावात पानं मिळाली होती, त्यांनी मशीन मागच्या भिंतीला टाकून दिली. साहेबांची बदली झाली. मग हिरवळीचं कौतुक करायला कुणी उरलं नाही. वारलूने गाय सोडली, आणि त्या जागेवर पहिल्यांदा काही धड झालं. गंजकी मशीन त्या बंद बंगल्याच्या माणसाने परत नेली. ती नेताना इनायतभाऊ रस्त्यात आडवे आले आणि तिच्या पात्यांना त्यांनी तेल लावून दिलं, असं वारलूने सांगितलं.

दोन वर्षांनी आई गेली. तिच्या पेटीत माझी ती पहिली कैची सापडली. मी ठरवलं, गुरुवारी शेडवर जायचं. सगळ्यांसमोर कैची द्यायची, हात पुढे करायचा, आणि पान हातावर पडलं की मोठ्याने सांगायचं की ते दुसरं पान खोटं होतं आणि ते मी करायला लावलं. आठ दिवस मनात घोकत होते. भैयाजी त्या दिवशी धानोऱ्याकडे जंगलात गेले होते. म्हणजे भीतीही नव्हती.

मी रांगेत उभी राहिले. बायांनी मला वाट करून दिली, मी घेतली नाही. माझी पाळी आली. इनायतभाऊ फार वाळले होते. त्यांनी कैची ओळखली, उलटसुलट केली, पण काही बोलले नाहीत. चाक फिरलं. धार लावून त्यांनी कैची माझ्यापुढे धरली. मी कैची घेतली नाही, तळहात पुढे केला.

ते थांबले. मागे रंभाबाई उभी होती, तीही थांबली. इनायतभाऊंनी गोणपाट चाचपला. त्यात पान नव्हतं, त्यांनी ते आणायचंच सोडलं होतं. रंभाबाईने कमरेचं एक पान काढून त्यांच्यापुढे धरलं. तिने ते का दिलं, मला माहीत नाही. त्यांनी घेतलं, कापलं, माझ्या हातावर ठेवलं.

कड साफ होती, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. शेवटाला वळण नव्हतं.

"घ्या, बाईसाहेब," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला तसं म्हटलं. आठ दिवस घोकलेलं तसंच राहिलं. मी पान मुठीत घेतलं, कैची घेतली आणि घरी आले.

आज लिहिलं आहे. पण हे ज्यांना सांगायचं होतं त्या साठ बायांपैकी एकीलाही अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांना पान वाचता यायचं.